होळीनंतरचा डोंगर : रानातला मुक्काम आणि पाण्याचा हक्क

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की तो घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी विचारले जाते. पिके, बोली, सोयरीक आणि विहिरीची खोली अशा बऱ्याच गोष्टी त्या उत्तरावरून कळतात. मोताळा तालुक्यातले रोहिणखेड या दोहोंच्या शिवेवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या ऐन पायथ्याशी वसले आहे. वर चढले की बुलढाण्याचे पठार लागते, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि पुढे खानदेशची वाट. या वाटेपायी गावाने दोन मोठ्या लढाया पाहिल्या. १४३७ मध्ये बहमनी सेनेने खानदेशच्या नसीरखानाला इथे हरवले. पुढे १५९०-९१ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाचा इथेच पाडाव केला. गावातली जुनी मशीद या दुसऱ्या लढाईच्या आधीची, १५८२ ची आहे. घाट चढण्याआधी किंवा उतरल्यावर लष्कराचा तळ पडणार तो पाणी आणि चारा पाहूनच. डोंगरातला मुक्काम कुठे करायचा हे पाणी ठरवते, ही गोष्ट त्या काळी कुणाला समजावून सांगावी लागत नसे.

आज डोंगरात तळ टाकतात ते पाठपिशव्या घेतलेले ट्रेकर. त्यांचेही प्रश्न तेच असतात : राहायची सोय काय आणि पाण्याची सोय काय? मराठीतल्या किल्ल्यांवरच्या जवळपास प्रत्येक माहितीपुस्तकात हे दोन मथळे असतात. सरकारी नियम मात्र पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात. कुठे राहू नये, कधी जाऊ नये, कुणाची परवानगी घ्यावी यावर कायदे, शासन निर्णय आणि जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश आहेत. उन्हाळ्यात डोंगरावर उरलेले दोन हंडे पाणी आधी कुणाचे, याबद्दल त्यांत फारसे काही नाही. माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. पाण्याचा क्रम आधी ठरवला तर मुक्कामाचे निम्मे नियम आपोआप ठरतात.

पाषाणातले पाणी

सह्याद्री असो, अजिंठ्याची रांग असो की सातपुड्याचाच भाग असलेले मेळघाटातले गाविलगडचे डोंगर असोत, हा बहुतेक सगळा प्रदेश लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. अखंड काळा बेसॉल्ट पाणी शोषत नाही. पाणी मुरते ते त्याच्या भेगांत, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या थरांत आणि दोन थरांच्या सांध्यात. असा सांधा डोंगराच्या उतारावर उघडा पडला की तिथे झरा लागतो. म्हणून आपल्या डोंगरांत झरे बऱ्याचदा एका विशिष्ट उंचीवर ओळीने सापडतात. गुराख्यांना हे भूगर्भशास्त्र न शिकताही माहीत असते. अडचण अशी की या थरांचा साठा लहान असतो. दिवाळीत खळखळणारा झरा माघात ठिबकू लागतो आणि शिमग्यानंतर नुसती ओल उरते.

त्यात पावसाचा फरक मोठा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बुलढाणा जिल्हा साधारण सातशे-आठशे मिलिमीटरवर भागवतो. तेव्हा पुण्या-मुंबईच्या ट्रेकरने सह्याद्रीत बांधलेला पाण्याचा अंदाज घेऊन अजिंठ्याच्या रांगेत येऊ नये. तिकडे जानेवारीत मिळणारे पाणी इकडे नोव्हेंबरातच आटलेले असू शकते. नाल्याच्या वाळूत झिरा खोदून पाणी काढण्याची पद्धत इथल्या गुराख्यांत आहे, पण तो झिरा भरायला वेळ लागतो आणि एका झिऱ्यावर तीस जणांचा स्वयंपाक होत नाही.

डोळ्यांना पाणी दिसले म्हणजे ते पिता येईल, असेही नाही. याच जिल्ह्यातले लोणार त्याचे टोकाचे उदाहरण आहे. विवराच्या काठावर गोड्या पाण्याची बारमाही धार आणि तळाशी खारे, अल्कधर्मी सरोवर. २०२० च्या जूनमध्ये ते सरोवर गुलाबी झाल्याची छायाचित्रे जगभर फिरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते रामसर यादीत आले. काठावरची धार नसती तर विवराभोवती इतकी देवळे आणि वस्ती झाली असती का, याची शंकाच आहे.

टाक्यांचा वारसा

पाणी कमी आणि वाट मोक्याची, यावर आपल्या पूर्वजांनी काढलेला तोडगा म्हणजे खोदीव टाके. सातवाहन काळापासून कान्हेरीत आणि जुन्नरच्या लेण्यांत टाकी दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने टाके दिल्याची नोंद आहे. घाट चढून येणाऱ्या तांड्याला माथ्यावर पाणी मिळावे म्हणून बंदरातल्या माणसाने केलेला हा खर्च. डोंगरवाटेवरचे पाणी हे पुण्याचे काम आणि व्यापाराची गरजही, असा तो जुना हिशेब होता.

किल्ल्यांच्या काळात हे तंत्र फार पुढे गेले. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गबांधणीचे जे नियम घालून दिले, त्यांत पहिला विचार पाण्याचा आहे. पाणी पाहून मगच किल्ला बांधावा. पाणी नसून जागा सोडता येत नसेल तर आधी खडक फोडून पुरेशी टाकी करावीत. गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटू शकतात. झऱ्यावर भरवसा नको, साठवणीवर ठेवा, हे सूत्र आजच्या ट्रेकरलाही जसेच्या तसे लागू पडते.

कुलंग, अलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड, राजगड, तोरणा या गडांवरची टाकी पाहिली की दगडाच्या पोटात किती विचार कोरला आहे ते कळते. खांब सोडून आत खोल नेलेले टाके सावलीत राहते, बाष्पीभवन कमी होते आणि वैशाखातही तळाशी थंडगार पाणी सापडते. उघडे टाके लवकर हिरवे पडते. पण ही सगळी टाकी शिबंदीच्या हिशेबाने खोदलेली होती. शनिवारी रात्री चारशे-पाचशे माणसे तंबू टाकतील, त्यातली निम्मी टाक्याच्या काठावर भांडी घासतील आणि काही जण आत उतरून पोहतील, हा हिशेब कुठल्याही अमात्याने केलेला नव्हता. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर हंगामात काय चालते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

टाक्यात पाय घालू नये या जुन्या दंडकामागे आरोग्यही आहे. नारूचा रोग पसरायचा तो पायऱ्यांच्या विहिरींतून आणि टाक्यांतून. रोग्याच्या पायाला झालेली जखम पाण्यात बुडाली की अळ्या पाण्यात सुटत, आणि तेच पाणी गाळल्याशिवाय पिणाऱ्याच्या पोटात त्या जात. भारताला नारूमुक्तीचे प्रमाणपत्र २००० साली मिळाले. नारू गेला, पण काठावर शौचाला बसणे आणि पाण्यात साबण लावणे यातून होणारे इतर रोग गेलेले नाहीत. टाक्याचे पाणी कितीही नितळ दिसो, ते उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकूनच प्यावे. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

गेल्या काही वर्षांत दुर्गसंवर्धन करणाऱ्या तरुणांच्या संस्थांनी अनेक गडांवरची गाळाने भरलेली टाकी उपसली, हे फार मोलाचे काम आहे. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना कुदळ मारता येत नाही, हे मात्र उत्साहात विसरले जाऊ नये. बुलढाण्याने गाळ काढण्यात देशाला धडा दिला आहे. २०१८ पासून भारतीय जैन संघटनेच्या पुढाकाराने जिल्ह्यात जलाशयांतला गाळ उपसण्याची मोठी मोहीम चालली, आणि महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतली माती काढून तिथे पाणी साठवण्याची पद्धत तर ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणूनच ओळखली जाते. ती मैदानाची पद्धत. डोंगरातल्या टाक्याला जेसीबी नको, घमेली आणि माणसांची साखळी हवी.

एका डोंगराचे तीन धनी

आता नियमांकडे. आपल्याकडे सरकारी रानात कुठेही तंबू टाकण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला बहुतेक मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा आणि मुक्कामाचा हक्क दिला आहे. स्वीडनमध्ये तो परंपरेनेच आहे. तिथली उदाहरणे देऊन इथे वाद घालणारे भेटतात. मला ती तुलना पटत नाही. तिथे झऱ्यांची ददात नाही.

आपल्या डोंगराला बहुधा तीन धनी असतात. पहिला वनविभाग. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात विनापरवाना शिरणे आणि आग पेटवणे हा गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो. कलम २७ आणि २८ प्रवेशाला परवान्याची अट घालतात, कलम ३० आगीला मनाई करते, कलम ३१ शस्त्राला. त्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा राज्यात वणव्याचा हंगाम मानला जातो. म्हणजे पाणी आटण्याचा काळ आणि आगीच्या भीतीचा काळ एकच. या दिवसांत शेकोटी पेटवून गाणी म्हणण्याची हौस असणाऱ्याने ती घराच्या गच्चीवर भागवावी.

दुसरा धनी पुरातत्त्व खाते, केंद्राचे किंवा राज्याचे. केंद्रसंरक्षित स्मारके साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त खुली असतात, आणि १९५९ च्या नियमांनुसार ठरवून दिलेल्या जागेखेरीज तिथे स्वयंपाक करायलाही बंदी आहे. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड यांसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. आता गडावरच्या देवळात पथारी पसरायची जुनी मुभा आणखी आक्रसत जाणार, हे धरून चालावे. राजगडावरच्या पद्मावतीच्या देवळात रात्र काढलेल्या पिढ्यांना याचे वाईट वाटते. वाटणे साहजिक आहे. पण त्या पिढीत एका रात्री वीस माणसे असत आणि ती सगळी घरची चादर आणि पितळी तांब्या घेऊन आलेली असत.

तिसरा धनी पायथ्याचे गाव. कागदावर त्याचे नाव बऱ्याचदा नसते. वनहक्क कायदा २००६ ने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपल्या जंगलाचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतले मेंढा-लेखा आणि मेळघाटाच्या कडेचे पायविहीर ही त्याची ठळक उदाहरणे. अशा ग्रामसभेने पाणवठा राखायचे ठरवले तर तिच्या नियमाला वजन असते.

याखेरीज जुलै २०१८ मध्ये राज्य सरकारने साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेच्या सूचना काढल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. ट्रेक नेणाऱ्या संस्थांची नोंदणी, प्रशिक्षित प्रमुख, प्रथमोपचार, विमा असा त्याचा भर आहे. भर योग्यच आहे, पण तो ट्रेकरच्या जिवावर आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि गडांवर जिल्हाधिकारी जे बंदीचे आदेश काढतात, तेही त्याच काळजीतून. जून २०२४ अखेर लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली माणसे वाहून गेल्यावर पुणे जिल्ह्यात असे आदेश निघाले. पाण्याच्या लोंढ्यापासून माणसाला कसे वाचवायचे, यावर आपण बरेच नियम केले आहेत. माणसाच्या लोंढ्यापासून पाणी कसे वाचवायचे, त्यावर कायद्याची ही सगळी कलमे गप्प आहेत. प्रवेश, आग, शस्त्र, कचरा हे शब्द त्यांत आहेत, पाणवठ्यापासून तंबूचे अंतर नाही.

कोयना अभयारण्यातला वासोटा किल्ला नियम नीट पाळला जाण्याचे उदाहरण म्हणून सांगता येतो. बामणोलीला वनखात्याचा परवाना घ्यायचा, शिवसागर जलाशयातून लाँचने जायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे. मुक्काम नाही. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून हा भाग त्यात येतो. जुने ट्रेकर कुरकुरतात की नागेश्वराच्या गुहेतली रात्र गेली. गेली खरी. त्या बदल्यात तिथल्या ओढ्याला माणसांविना रात्र मिळाली.

पाणवठ्यावर पहिला मान कुणाचा

रोहिणखेडच्या पूर्वेला त्याच डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे. १९९७ मध्ये ते घोषित झाले. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा ही इथली मंडळी. २०१९ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ पाच महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर चालून इथे पोहोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याची वाट नोंदली गेली. शेतांतून, महामार्गांवरून, नाल्यांच्या काठाने तो आला. या वाटचालीचे कौतुक सगळ्यांनी केले. असा प्राणी चालतो तो पाण्याच्या एका ठिकाणापासून दुसऱ्याकडे, हे त्या कौतुकात थोडे मागे पडले. अजिंठ्याच्या कोरड्या रांगेत अशी ठिकाणे उन्हाळ्यात मोजकीच उरतात. वनखाते काही कृत्रिम पाणवठे टँकरने किंवा सौर पंपाने भरते, तेवढ्यावर रान वैशाख काढते.

अशा पाणवठ्याशेजारी चार तंबू लागले तर काय होते? कुणी कुणाला मारत नाही, गोळी सुटत नाही, कायद्याचे कलम मोडल्याचा पुरावाही राहत नाही. फक्त त्या रात्री प्राणी पाण्यावर येत नाही. पुढचे पाणी पाच कोसांवर असेल तर तो तिकडे वळतो, आणि ते बहुधा एखाद्याच्या मळ्यातले असते. बुलढाण्यात अस्वलाने शेतकऱ्यावर हल्ला केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्यांतल्या प्रत्येकीचा दोष तंबूंवर टाकणे अन्यायाचे होईल, पण रानातले पाणी अडले की रान शिवारात उतरते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. शिवाय संध्याकाळी पाण्याकाठी तंबू म्हणजे अस्वलाच्या ऐन वाटेवर अंथरूण. यात शौर्य काहीच नाही.

या बाबतीत मला सगळ्यांत शहाणा वाटलेला नियम अमेरिकेतल्या ॲरिझोना या वाळवंटी राज्याचा आहे. तिथे पाणवठ्यापासून, मग तो नैसर्गिक असो की बांधलेला, पाव मैलाच्या आत अशा रीतीने तळ टाकणे बेकायदेशीर आहे की ज्यामुळे वन्य प्राण्यांना किंवा गुरांना जवळपासच्या एकमेव पाण्यापर्यंत पोचता येणार नाही. पाव मैल म्हणजे सुमारे चारशे मीटर. नियम मुक्कामाला सरसकट बंदी करत नाही. पाण्यापर्यंतची वाट मोकळी ठेवा, एवढेच म्हणतो, आणि त्यात रानातल्या जनावराइतकाच विचार गुराख्याच्या गायीचाही करतो. डोंगरात कचरा न टाकण्याची जी आंतरराष्ट्रीय शिस्त आता आपल्या गिर्यारोहण संस्थाही शिकवतात, तिच्यात पाण्यापासून साठ मीटर दूर राहण्याचा दंडक आहे. तो पाणी घाण होऊ नये म्हणून. ओल्या प्रदेशात साठ मीटर पुरतात. बुलढाण्यासारख्या कोरड्या मुलखात चारशेच हवेत.

रात्री पाणवठ्याजवळ बसण्याची एक अधिकृत संधी मात्र महाराष्ट्रात आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात आणि इतर काही संरक्षित जंगलांत वनखाते नागरिकांना मचाणावर बसून पाण्यावर येणारे प्राणी पाहू देते. वाघांची मोजणी आता कॅमेरा ट्रॅपने होते, त्यामुळे ही रात्र आता निसर्गानुभवाची. बोलायचे नाही, उतरायचे नाही, दिवा लावायचा नाही. पाणवठ्यावरचा माणूस म्हणजे पाहुणा, हे या एका रात्रीत जितके कळते तितके ते कुठल्याही फलकावर वाचून कळत नाही.

इतर राज्यांचे धडे

इतर राज्यांनी नियम केले ते बहुतेक अपघातानंतर किंवा गर्दीनंतर. तामिळनाडूत ११ मार्च २०१८ रोजी थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या वणव्यात वीसहून अधिक ट्रेकर दगावले. त्याच वर्षी त्या राज्याने जंगलातल्या ट्रेकिंगसाठी स्वतंत्र नियम केले, आणि २०२४ मध्ये चाळीस ठरावीक वाटा ऑनलाइन नोंदणीने खुल्या केल्या. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये उंचावरच्या बुग्याळांत, म्हणजे गवताळ कुरणांत, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि रोजच्या माणसांची संख्या दोनशेवर आणली. रूपकुंडाच्या वाटेवर दर वर्षी जाणाऱ्या मराठी मंडळींना हे चांगलेच जाणवले. कर्नाटकात जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत अफाट गर्दी झाली आणि तिथेही ऑनलाइन नोंदणी व संख्येची मर्यादा आली.

संख्या मर्यादित करणे गरजेचे आहे, यात वाद नाही. फक्त ती संख्या कशावरून ठरवायची? पार्किंगच्या जागेवरून, की वाटेच्या रुंदीवरून? आपल्या डोंगरांसाठी ती टाक्यातल्या पाण्यावरून ठरवावी. चाळीस जणांचा गट एका रात्रीच्या मुक्कामात माणशी पाच लिटर धरले तरी दोनशे लिटर पाणी वापरतो, एक अख्खे पिंप. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट खेड्यातल्या माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर देण्याचे आहे, आणि ज्या पाड्यांजवळून हे गट जातात त्यातल्या कित्येक ठिकाणी मेमध्ये तेही मिळत नाही. शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यात माहुली किल्ल्याच्या आणि आजोबा डोंगराच्या परिसरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तिथल्या आजीने ‘पोरांनो, घ्या भरून’ म्हणत दिलेला हंडा हा तिच्या दुसऱ्या दिवसाच्या फेरीचा हंडा असतो. तिला पैसे देणे पुरेसे नाही. ते पाणी मागायचेच नाही, ही खरी रीत.

मोठ्या मुक्कामाचे पाणी कसे सांभाळायचे, याचे उत्तर आपल्याच यात्रांनी दिले आहे. बुलढाण्याच्या डोंगरातला सगळ्यांत मोठा मुक्काम ट्रेकरांचा नसतो. होळीला सैलानीबाबांच्या यात्रेत लाखो माणसे राहुट्या टाकून राहतात. ऐन कोरड्या दिवसांत. तिथे कुणी डोंगरातल्या झऱ्यावर विसंबत नाही, प्रशासनाला पाणी टँकरने आणावे लागते. पंढरीच्या वारीतही दिंडीबरोबर टँकर असतो. आपले पाणी आपल्याबरोबर, ही शिस्त लाखोंच्या जनसमुदायाला जमते. ती चाळीस जणांच्या गटाला न जमायला कारण नाही.

माहितीचा प्रश्न तेवढाच मोठा. ‘गडावर बारमाही पाणी आहे’ हे वाक्य एकदा पुस्तकात छापले की वर्षानुवर्षे तसेच पुढे चालते. मधल्या काळात टाके फुटलेले असते, गाळाने भरलेले असते किंवा वर बांधलेल्या नव्या पायऱ्यांनी त्याचा पाणलोट तोडलेला असतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या लांब पल्ल्याच्या पॅसिफिक क्रेस्ट वाटेवर चालणारे स्वयंसेवक कुठला झरा कधी वाहत होता याची तारखेसकट नोंद ठेवतात आणि मागून येणाऱ्यांना ती मिळते. आपल्याकडे गिर्यारोहकांच्या संस्थांचे जाळे जुने आहे. मुंबईची गिरिविहार १९५४ ची, पुण्याची गिरिप्रेमी १९८२ ची, आणि राज्यभरातल्या संस्थांचा महासंघही आहे. कुणी अडकले की रात्री-बेरात्री दोर घेऊन धावणारे हे लोक आहेत. त्यांनी मनावर घेतले तर प्रत्येक गडाच्या पायथ्याला महिनावार पाण्याचा फलक सहज लागेल : वरच्या टाक्यात किती, कुठले पिण्याचे, कुठले गुरांचे, शेवटची पाहणी कोणत्या तारखेची. पायथ्याच्या गावातल्या एखाद्या मुलाला महिन्यातून एकदा वर जाऊन पट्टीने खोली मोजायचे मानधन द्यायचे. याला ना कायदा लागतो ना मोठा निधी.

वनखात्याने करायच्या गोष्टी दोन. ज्ञानगंगा, अंबाबरवा, गौताळा, नरनाळा ही कोरड्या डोंगरांतली अभयारण्ये आहेत. त्यांच्या बाहेरच्या राखीव जंगलातही होळीपासून पहिल्या पावसापर्यंत पाणवठ्यापासून चारशे मीटरच्या आत मुक्कामाला स्पष्ट मनाई असावी, आणि ती परवान्यावर मराठीत छापलेली असावी. दुसरी गोष्ट, नुसती मनाई करून लोक थांबत नाहीत, चोरून जातात, आणि चोरून जाणारा दिवा विझवतो पण घाण मागे ठेवतो. म्हणून पायथ्याच्या गावात, ग्रामपंचायतीच्या देखरेखीखाली, शौचालय आणि पाण्याची टाकी असलेली मुक्कामाची जागा खुली करावी. उत्पन्न गावाचे. संयुक्त वन व्यवस्थापन समित्या अनेक ठिकाणी प्रवेशशुल्क घेतातच, त्या पैशातून टाक्यांची निगा राखली जावी आणि हिशेब चावडीवर लावला जावा.

ट्रेकरसाठी सांगणे थोडके आहे. फेब्रुवारी ते जून या काळात अजिंठ्याच्या रांगेत किंवा मेळघाटाच्या कडेला जाताना वर पाणी नाही असेच धरून चालावे आणि दिवसाला माणशी किमान चार लिटर पाठीवर घ्यावे. ते झेपत नसेल तर वाट लहान करावी. पाणी घ्यायचे ते भांड्यात काढून, टाक्यापासून दूर नेऊन वापरावे. साबण, डिटर्जंट, उष्टे यांतले काहीही पाण्याकाठी नको. पिण्याचे टाके कोणते ते गावकऱ्यांना विचारावे, त्यांच्या उत्तरापुढे पुस्तकातली ओळ गैरलागू. रोहिणखेडच्या घाटात होळीनंतर यायचे असेल तर पहाटे चढा, दुपारच्या आत उतरा आणि मुक्काम गावात करा. रात्रीचे पाणी वरच्या रानासाठी राहू द्या.